ऐरोलीच्या मुलीला उत्तर: इंग्लंडमधलं नर्सिंग, ऑनलाइन तास आणि वॉर्डातल्या सह्या

तू विचारलंस, "ताई, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय, इंग्लंडला दोन वर्षांच्या नर्सिंग एमएस्सीला प्रवेश मिळालाय. बरीच लेक्चर्स ऑनलाइन आहेत, मग उरलेल्या वेळात नोकरी करून फी भागेल ना? आणि परीक्षा कशा असतात?" मी नौपाड्यातून याच वाटेने आले, म्हणून सविस्तर लिहिते.

नोकरीचं आधी. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. शिवाय नर्स म्हणून रजिस्ट्रेशनसाठी 4,600 तास दाखवावे लागतात, निम्मे थिअरीचे, निम्मे रुग्णांजवळचे. आधीच्या शिक्षणाचे काही तास धरून मिळतात, म्हणूनच हा कोर्स दोन वर्षांत बसतो. प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डात राहून शिकणं, लागली की साडेसदतीस तासांचा आठवडा, लांबलचक शिफ्ट, रात्रपाळी, रविवारसुद्धा. त्याचा पगार नाही. तिथे कमवू आणि दुसरा हप्ता भरू, या भरवशावर निघू नकोस. आईबाबांना खरा आकडा आत्ताच सांग.

ऑनलाइन म्हणजे मोकळा वेळ, असं मलाही वाटलं होतं. लेक्चरआधीचं वाचन, छोट्या क्विझ, चर्चेत लिहायचं, सगळं तुझ्यावर असतं. कुणी आठवण करत नाही, पण तू कधी लॉगिन केलंस त्याची नोंद राहते. सुरुवातीची सत्रं ऐरोलीतूनच करणार असशील तर घड्याळ सांभाळ. तिथले दुपारचे बारा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेचार, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेपाच. उशिरा दिलेल्या असाइनमेंटला कितीही छान लिहिलं तरी काही ठिकाणी पासापुरतेच गुण मिळतात.

गुणांचं वेगळं सांगते, कारण पहिल्या निकालाला मी घरी फोन करून रडले होते. 58! आपल्याकडे 80 च्या खाली आलं की घरात शांतता पसरते. तिथे एमएस्सीला 50 ला पास आणि 70 ला डिस्टिंक्शन. 58 चांगलेच होते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. याउलट औषधांच्या हिशेबाच्या परीक्षेत 100 पैकी 100 च हवेत. 5 मिलीत 250 मिलिग्रॅम आहे, डोस 500 मिलिग्रॅमचा, तर किती मिली? सोपं वाटतं, पण अशा एकाही उत्तरात चूक चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

निबंधात कॉपी टर्नइटिन नावाचं सॉफ्टवेअर पकडतं. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडच्या तयार नोट्सची सवय इथेच सोड. नर्सिंगमध्ये कॉपी हा फक्त गुणांचा प्रश्न राहत नाही, तुझ्यावर रुग्ण सोपवावेत का, असा विचार होऊ शकतो. रुग्णाचं नाव, वॉर्ड, हॉस्पिटल यातलं काहीही लिहायचं नाही. अनुभवावर लिहिलेल्या एका निबंधात माझ्याकडून वॉर्डाचं नाव राहिलं आणि तो निबंध नापास झाला.

प्लेसमेंटला तू वॉर्डाच्या मनुष्यबळात मोजली जात नाहीस, शिकायला असतेस. पण शिकून घेणं तुझं काम. पहिल्या वॉर्डात सुपरवायझरने विचारलं, हाताने बीपी घेता येतं ना? मी "हो" म्हटलं. आपल्याकडे "समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग "हो" म्हणतो ना, तसंच. कानाला काहीच ऐकू येईना, आजींच्या हाताला पट्टा रुतत होता, मी पुन्हा हवा भरत होते. शेवटी थांबले आणि म्हटलं, मला येत नाही. ती रागावेल म्हणून पोटात गोळा आला होता. तिने शांतपणे दाखवलं, आणि माझ्या मूल्यमापनाच्या कागदात लिहिलं की ही स्वतःची मर्यादा ओळखून मदत मागते. तो तिथे गुण मानला जातो. आजींची मात्र मी माफी मागितली, त्यांचा हात लाल झाला होता.

वॉर्डात भरलेल्या तासांवर सुपरवायझरची सही रोजच्या रोज घे. मी शेवटी एकदम घेऊ म्हणून ठेवली, सुपरवायझर रजेवर गेली, आणि तीन शिफ्ट सुट्टीत पुन्हा भरल्या.

निघण्याआधी रोज एक इंग्रजी लेख वाच, बंद कर आणि दीडशे शब्दांत स्वतःच्या भाषेत लिही. वाशीहून परतताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीतही जमेल. आणि लसीकरणाचं जुनं कार्ड शोध. हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या, टीबी यांबद्दल वॉर्डात पाठवण्याआधी विचारतात. माझं कार्ड आईला कळव्याच्या जुन्या घरातल्या ट्रंकेत सापडलं. तुझ्या आईला आजच विचार.