‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकणाऱ्यास

चि. …,
अनेक आशीर्वाद.

मिरजेला बासरी शिकायला लागल्यापासून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही वाद्यसंगीताची रेकॉर्ड आवडते हे सांगायला तुला संकोच वाटतो; सोबतची मुलं तिला हलकंफुलकं म्हणतात. हे वाचून मला राहवलं नाही.

सांगलीत, गावभागात मामांकडे ही रेकॉर्ड मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शाळेत होतो. रागबिग काही कळत नव्हतं. पुढे रीतसर शिकलो, मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला रात्र रात्र गाणं ऐकत बसलो. तरी ही आवड उणावली नाही. जसजसं कळत गेलं तसतसं तिच्यात जास्तच सापडत गेलं.

१९६७ मधली ही रेकॉर्ड. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तिघेही तिशीच्या आसपासचे. करवून घेतली एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी, म्हणजे आपल्या भावगीतवाल्या जोशींनीच. तिच्यात आहे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस. म्हणून अहिरभैरव, पिलू, भूप, देस, पहाडी हा रागांचा क्रम. फोनवर नुसती पहाडी लावून ऐकतोस ना, ते आधी बंद कर.

आता वाद्यांकडे बघ. संतूरवर कलम, म्हणजे वाजवायची काडी, पडली की स्वर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. बासरी तोच स्वर दमसास असेतोवर धरते. काब्रांची गिटार आडवी ठेवून, तारेवरून दांडा सरकवत वाजवलेली. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, काढावी तर तिनं. एकाला जे साधत नाही ते दुसरा पुरवतो, आणि कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. याला हलकं म्हणणाऱ्यानं तिघांत मिळून पाच मिनिटं भूप वाजवून दाखवावा!

तू असं कर. एकदा सगळी रेकॉर्ड फक्त गिटारच्या मागे जात ऐक. मग फक्त माणिकराव पोपटकरांचा तबला. किती कमी वाजवून किती सांभाळलंय ते कळेल. बासरीकडे सगळ्यात शेवटी ये, कारण तिथं तुझे कान आपोआपच जातात.

गुरुजींचा रियाज आधी, हे सगळं त्यानंतर. दोन्हींत भांडण नाही.

रविवारी सांगलीला ये. रेकॉर्ड आहे, प्लेअरही चालू आहे. बासरी आण. मधेच सुई उचलून विचारणार आहे, आत्ता हरिजी का थांबले?

तुझा,
काका