चार सिलिंडरच्या जुन्या मोटारसायकलचे कार्बोरेटर निघतच नाहीत. काढायचे कसे आणि परत बसवायचे कसे?

सगळे क्लॅम्प सैल केले, तरी चार कार्बोरेटरांची माळ जागची हलत नाही आणि जोर लावायची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. भीती वाटते तेच बरं. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायला गेलात तर रबर फाटेल, नाहीतर कार्बोरेटरचा कान तुटेल.

त्यांना धरून ठेवलंय ते रबराने. इंजिनच्या बाजूला चार रबरी जोड, एअर बॉक्सच्या, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याच्या बाजूला चार. वीस-तीस वर्षं इंजिनाची धग खाल्ली की ते लाकडासारखे कडक होतात. म्हणून आधी त्यांना नरम करायचं. पण त्याआधी पेट्रोलचं बघा. टाकी उतरवून लांब ठेवा. कार्बोरेटरच्या खाली पेट्रोल साठायची वाटी असते, तिला फ्लोट बाउल म्हणतात; तिच्या तळाचे ड्रेन स्क्रू सोडून आतलं पेट्रोल डब्यात काढा, डबाही लांब न्या आणि वास पूर्ण जाऊ द्या. मगच केस वाळवायचा ड्रायर प्रत्येक जोडावर दोन-तीन मिनिटं फिरवा. इथे घाई अजिबात नको.

क्लॅम्प नुसते सैल करून भागत नाही. ते खाचेतून सरकवून मागे घ्या. जपानी गाडी असेल तर तिचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण खाच जेआयएस (जपानी मानक) मापाची असते. साध्या स्क्रू ड्रायव्हरने तिची वाट लागते. त्या मापाचा एक आणून ठेवा, पुढेही उपयोगी पडेल.

एअर बॉक्सचे बोल्ट काढून तो जमेल तितका मागे ढकला. एक-दीड सेंटीमीटर जागा मिळाली तरी पुष्कळ. आता कार्बोरेटरांच्या मुख्य धातूच्या भागाला धरून माळ वर-खाली हलवत मागे ओढा. लिंकेजला (चौघांना जोडणाऱ्या सळ्या-दांड्यांना) किंवा बाउलला धरू नका. आधी काहीच होत नाही, मग फटकन आवाज येऊन एक बाजू सुटते. पूर्ण माळ बाजूने बाहेर घ्या. केबल तेव्हाच सोडवल्या तर सोपं जातं. त्याआधी त्यांचे फोटो काढा. इंजिनाच्या उघड्या तोंडांत भडक रंगाचं फडकं कोंबा. पांढरं फडकं आत विसरल्याचे किस्से ऐकलेत मी.

चारही कार्बोरेटर एकमेकांपासून वेगळे करू नका. मधल्या पेट्रोलच्या नळ्यांवर ओ-रिंग, म्हणजे बारीक रबरी कड्या असतात; एकदा हलल्या की गळायला लागतात, आणि चौघांचं जुळवलेलं गणितही बिघडतं. बाउल उघडून सफाई तशीच होते.

बसवणं काढण्यापेक्षा अवघड. रबर वाकवून बघा. भेगा दिसल्या तर नवीनच घाला. इंजिनाच्या बाजूच्या जोडांमागे ओ-रिंग असेल तर तीही बदला. मग जोडांना आतून साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं. केबल आधी अडकवून घ्या, नंतर हात पोचत नाही. मग इंजिनाची बाजू आधी, एअर बॉक्सची नंतर.

माझी फजिती इथेच झाली होती. माळ बसल्यासारखी वाटली, क्लॅम्प आवळले, गाडी सुरू केली, तर स्लोवरच, म्हणजे मूठ न फिरवताच, चार हजार आरपीएमवर गेली. दोन संध्याकाळी स्लोचा स्क्रू फिरवत बसलो. शेवटी खालून बोट घातलं तर तिसऱ्या जोडाची कड आत दुमडलेली! वरून सगळं ठाकठीक दिसत होतं. तेव्हापासून क्लॅम्प आवळण्याआधी प्रत्येक जोडाभोवती बोट फिरवतो, जिथे पोचत नाही तिथे छोटा आरसा धरतो.

सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण फिरवून सोडा. खटकन परत आली पाहिजे, आणि हँडल दोन्ही टोकांना वळवलं तरीही. मुठीला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा. पेट्रोल सोडून दहा मिनिटं नुसतं बघत राहा. बाउल भरला की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई अडकली असेल तर ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतील. कधी ते बाहेर न पडता सिलिंडरमधून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतात, म्हणून ऑइलचाही वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता आधी सुई बघा आणि ऑइल बदला.

एवढं करूनही स्लो चढलेलं राहिलं, तर चालू इंजिनावर जोडांभोवती साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. ज्या जोडापाशी आवाज बदलेल तिथून हवा खेचली जातेय. बरेच लोक यासाठी कार्बोरेटर क्लीनर मारतात, पण तापलेल्या इंजिनावर तो पेटू शकतो. पाण्याने तेच काम होतं.