नवजाला पाऊस आणि नदीची पातळी आपोआप मोजणारं स्टेशन बसवतोयस तर…

कोयनेच्या खोऱ्यात पावसाळाभर सोलर पॅनेलवर ऊन पडतंच कुठे? बॅटरी हिशेबापेक्षा मोठीच घे. पर्जन्यमापकातली इवलीशी बादली ०.२ मिमी पाऊस भरला की कलंडते. मुसळधार पावसात ती कलंडत असतानाचं पाणी मोजणीतून निसटतं, आकडा कमी येतो. म्हणून शेजारी हाताने मोजायचा साधा मापक हवाच. पर्जन्यमापकाच्या जाळीवर पालापाचोळा अडकला तर पाणी तुंबतं आणि उघडीप झाल्यावरही आलेखात रिपरिप चालूच दिसते. असं दिसलं की जाळी साफ करायची. गावातल्याच एखाद्या पोराला हे शिकव, पैसे देऊन हं, फुकटात नाही. रेंजच्या भरवशावर राहू नकोस, नोंदी लॉगरमध्येही, म्हणजे तिथल्याच साठवणाऱ्या यंत्रात, साठव. नदीच्या पातळीला पुलावरून खाली रोखलेला रडार सेन्सर बरा. पाण्यातला गाळात रुततो.