व्यापाऱ्यांची ना-नफा संस्था शहराचा मरगळलेला मध्यवर्ती भाग खरंच सुधारू शकते का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की अमेरिकेत म्हणे व्यापारी आणि जागामालक मिळून संस्था काढतात आणि डाउनटाउन सुधारतात, पण "नुसते झाडूवाले ठेवून आणि कुंड्या लावून बाजारपेठ जिवंत होते का?" उत्तर लिहिणार नव्हतो, पण हे वाक्य वाचून राहवेना. कुंड्या सोडल्या तर शब्दन् शब्द हेच आमचे दाजी १९९२ साली गल्ल्यावर बसून म्हणाले होते, आणि तेव्हापासून आमचं यावर भांडण चालू आहे.

हो, होते. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी जानेवारी १९८९ ला न्यूयॉर्कला ताईकडे आलो, जॅक्सन हाइट्सला. दाजींचं दुकान आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर, टाइम्स स्क्वेअरच्या बगलेत, मोठ्या बस टर्मिनलपासून चालत पाच मिनिटांवर. (न्यूयॉर्कवाले ओरडतील की टाइम्स स्क्वेअर मिडटाउन आहे, डाउनटाउन खाली वॉल स्ट्रीटकडे. असू दे, तुम्हाला काय विचारायचंय ते मला कळलंय.) पेपर, सिगरेट, लॉटरी, बॅटऱ्या, च्युइंगगम, कॉफी असलं दुकान. पहाटे ७ नंबरची ट्रेन पकडून यायचं आणि शटर वर करायच्या आधी माझं पहिलं काम म्हणजे बादलीभर पाणी आणि ब्लीच घेऊन दारातलं मूत धुणं. रोज. कधी कधी नशेच्या सुयापण असायच्या, त्या चिमट्याने उचलायच्या, ताईने त्यासाठी स्वयंपाकघरातला जुना चिमटा दिला होता. शेजारी दोन्ही बाजूंना तीन फुल्यांची, म्हणजे अश्लील सिनेमे-मासिकांची, दुकानं. रात्री नाटक सुटलं की लोक ब्रॉडवेवरून टॅक्सीकडे अक्षरशः पळत सुटायचे, आमच्याकडे वळून बघायचीसुद्धा त्यांची हिंमत नसायची.

१९९२ मध्ये टाइम्स स्क्वेअर बीआयडी सुरू झाली, बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. पुढे तिचंच नाव टाइम्स स्क्वेअर अलायन्स झालं. ना-नफा संस्था. आता ही भानगड नेमकी काय ते आपल्या भाषेत सांगतो. गणपतीची वर्गणी आठवा. दहा दुकानं देतात, चार "उद्या या" म्हणतात, आणि मांडवाखाली प्रसादाला सगळे. कुठल्याही व्यापारी संघाचं दुखणं हेच असतं. बीआयडीमध्ये एका ठरलेल्या हद्दीतल्या जागामालकांवर जादा आकार बसतो, तो शहराची सरकारी यंत्रणा प्रॉपर्टी टॅक्सबरोबरच वसूल करते आणि सगळाच्या सगळा संस्थेला परत देते. म्हणजे वर्गणी, पण "उद्या या" म्हणायची सोय नाही. स्थापनेच्या वेळी निम्म्याहून जास्त मालकांनी लेखी हरकत घेतली तर प्रस्ताव पडतो, पण एकदा झाली की झाली. ही आयडियासुद्धा मूळ अमेरिकेची नाही, पहिली असली संस्था १९७० मध्ये कॅनडात टोरांटोला निघाली, ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये.

तर त्या वर्षी जागामालकाकडून जे बिल आलं त्यात एक नवीन ओळ होती. दाजींनी चष्मा कपाळावर चढवला, बिल दिव्याजवळ नेलं आणि मला म्हणाले, कचरा उचलायला सिटी आहे, सिटीला टॅक्स जातो, मग हे झाडूवाले कशाला पाहिजेत? मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, कॉलेजात संध्याकाळी अकाउंट्स शिकत होतो, मला वाटायचं मला सगळं कळतं. म्हटलं दाजी, रोज सकाळी मूत तुम्ही नाही, मी धुतो, माझं मत विचारा.

लाल कपड्यांतले झाडूवाले आले. सिटीची गाडी येऊन जाते, हे लोक दिवसभर तिथेच. बादली महिन्यातून एखाद वेळा लागायला लागली, मग तीसुद्धा नाही. बिनहत्यारी सुरक्षावाले फिरायला लागले, पोलिसांशी वॉकीटॉकीवर जोडलेले, ते काही कोणाला पकडत नसत, पण कोणीतरी बघतंय एवढ्याने फरक पडतो.

मग एक गंमत झाली, ती सांगतोच. १९९३ मध्ये ५४व्या स्ट्रीटवर मिडटाउन कम्युनिटी कोर्ट निघालं, त्यामागेही बीआयडीचा जोर होता. भुरट्या चोऱ्या, तिकीट न काढणं, रस्त्यावर धंदा, असल्या किरकोळ गुन्ह्यांसाठी. तुरुंगात चार दिवस पाठवण्याऐवजी याच भागात झाडू मारा, भिंतीवरची रंगरंगोटी पुसा, अशी शिक्षा. एका सकाळी मी पेपरचे गठ्ठे सोडतोय आणि बाहेर एक उंच मनुष्य झाडतोय. दाजी काउंटरमागून एकदम उठले. "अरे, हा आपला बॅटऱ्यावाला!" मागच्या हिवाळ्यात ह्याने आमच्याकडून बॅटऱ्यांचं अख्खं पाकीट कोटात घालून नेलं होतं. मला वाटलं आता भांडण होणार. दाजी बाहेर गेले, हाताची घडी घालून उभे राहिले, दोन मिनिटं बघत राहिले आणि मग पायाने दाराचा कोपरा दाखवला, इकडेपण राहिलंय. त्याने मान खाली घालून तो कोपरा झाडला. दाजी आत आले आणि कॉफी ओतून मला म्हणाले, देऊन ये. मी दिली. "पैसे घेतलेस का?" नाही म्हटलं. "घ्यायला पाहिजे होतेस."

आता या एवढ्यावर मी संस्था चांगली म्हणतोय असं नाही. झाडू हे दिसणारं काम. खरं काम म्हणजे पगार घेऊन रोज कटकट करणारी माणसं. दुकानदाराला वेळ नसतो, तो दिवा बंद पडला तर शिव्या देतो आणि गल्ल्यावर बसतो. ह्यांच्या ऑफिसातला माणूस तो दिवा लागेपर्यंत सिटीला फोन करत बसतो. तीन फुल्यांच्या दुकानांमुळे आजूबाजूला काय परिणाम होतो याचा अभ्यास ह्यांनी १९९४ मध्ये करून छापला आणि पुढच्या वर्षी शहराने त्या दुकानांवर झोनिंगचा, म्हणजे कुठे चालवायची आणि कुठे नाही याचा, नियम आणला तेव्हा तो कागद कामाला आला. शिव्या देऊन हे झालं नसतं.

पण सगळं श्रेय ह्यांना देणारे लोकही मला आवडत नाहीत. ४२व्या स्ट्रीटवरच्या बऱ्याच जागा राज्य सरकारच्या महामंडळाने १९९० मध्येच सक्तीने ताब्यात घेतल्या होत्या. तिथली जुनी थिएटरं सांभाळायला वेगळीच ना-नफा संस्था होती, तिने १९९५ मध्ये मुलांसाठी न्यू व्हिक्टरी सुरू केलं. डिस्नेने न्यू अ‍ॅम्स्टरडॅम थिएटर दुरुस्त करून १९९७ ला उघडलं ते सरकारच्या स्वस्त कर्जावर. शिवाय त्या दशकात गुन्हे सगळ्या न्यूयॉर्कमध्येच धडाधड कमी झाले, जिथे एकही लाल झाडूवाला नव्हता तिथेसुद्धा. चार जणांनी ढकललेली गाडी आहे ती.

आणि मग १९९९. दाजींचा दहा वर्षांचा भाडेकरार संपला. जागामालकाने नवा आकडा सांगितला तो जुन्याच्या अडीचपट. नाटकाला आलेले लोक आता आमच्याकडे पाणी घ्यायला थांबायचे, धंदा चांगला चालला होता, पण च्युइंगगम विकून अडीचपट भाडं निघत नाही. जूनमध्ये शटर खाली. तिथे एक चेनवालं दुकान आलं. दाजी म्हणाले, "तुझ्या झाडूवाल्यांनी आधी मूत झाडलं, मग मला झाडलं." हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं प्रत्येक दिवाळीला ऐकतोय, भाचीच्या लग्नातसुद्धा ऐकलं.

माझं म्हणणं तेव्हाही हेच आणि आजही हेच, की भाडं मालकाने वाढवलं, झाडूने नाही. घाण होती म्हणून भाडं कमी होतं आणि घाणीमुळेच भाडं परवडतंय असा धंदा किती दिवस करणार? दाजी म्हणतात, तू नोकरी करतोस, तुला काय कळणार. हे बरोबर आहे.

२००९ च्या मे महिन्यात ब्रॉडवेवरच्या गाड्या टाइम्स स्क्वेअरपाशी बंद केल्या. कायमचं फर्निचर यायला वेळ होता म्हणून अलायन्सने ब्रुकलिनच्या एका हार्डवेअर दुकानातून ३७६ घडीच्या खुर्च्या आणल्या, बीचवर असतात तसल्या, एकेक १० डॉलर ७४ सेंटला. लोक रस्त्याच्या मधोमध त्यात पाय पसरून बसलेले. मी ताईला आणि दाजींना मुद्दाम घेऊन गेलो. ताई लगेच बसली. दाजी आधी खुर्चीच्या पट्ट्या ओढून बघत होते, मग बसले, बराच वेळ आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या दिशेला बघत राहिले, तिथून दुकान दिसत नाही तरी. म्हणाले, "बसायला बरंय. ह्याचं भाडं नाही ना?" नंतर शहराने जे मोजलं त्यात तिथे पादचारी जखमी होण्याचं प्रमाण ३५ टक्के कमी भरलं. मी हा आकडा त्यांना पाठवला होता, उत्तर आलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग, म्हणजे छोट्या दुकानदाराने काय करावं. एकच सांगतो, भाडेकरार वाचा. जादा आकार कायद्याने मालकावर असतो, पण करारात "टॅक्स आणि इतर असेसमेंट यातली वाढ भाडेकरू देईल" अशी ओळ असली की तो सरकत सरकत तुमच्या गल्ल्यात येतो. पैसे तुमचे आणि संस्थेच्या बोर्डावर बहुमत मालकांचं, न्यूयॉर्कला तसा कायदाच आहे. भाडेकरू दुकानदारांनाही बोर्डावर जागा असतात, त्यांचे प्रतिनिधी ते स्वतः निवडतात. वार्षिक सभेची पत्रं आम्हालाही यायची. दाजी त्याच्या कोऱ्या बाजूला उधारी लिहायचे आणि लॉटरीच्या मशीनखाली सरकवायचे. सात वर्षांत आम्ही एकदाही गेलो नाही, मीही नाही.

मागच्या वर्षी ताईच्या बेसमेंटमध्ये पाणी आलं तेव्हा जुनी खोकी उचलताना तो १९८९ चा करार मिळाला. ती ओळ आहे त्यात, तिसऱ्या पानावर. खाली दाजींची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. मला आठवतंय, दाजींनी विचारलं होतं, वाचलंस ना रे सगळं, आणि मी म्हटलं होतं हो, नेहमीचंच आहे. ते पान मी फोटो काढून ठेवलंय, अजून दाखवलेलं नाही.

बाकी एक-दोन गोष्टी. अशा संस्था सगळ्या सारख्या नसतात. शेजारच्या ग्रँड सेंट्रल भागातल्या संस्थेच्या माणसांवर १९९० च्या दशकात बेघर लोकांना मारहाण करून हाकलल्याचे आरोप झाले होते, त्यामुळे बेघरांचं काय करणार हे पहिल्याच सभेत विचारून घ्या. दुसरं म्हणजे टाइम्स स्क्वेअरला जागेची किंमत एवढी की थोड्याशा आकारातून भरपूर पैसा उभा राहतो. तुमच्या पेठेत तेवढे झाडूवाले परवडणार नाहीत, शिवाय आपल्याकडे व्यापारी संघ ऐच्छिक वर्गणीवरच चालतात, म्हणजे "उद्या या" वाले तुम्हाला भेटणारच. तरी दोन माणसं पूर्णवेळ पगारावर ठेवता आली तर ठेवा, एक झाडायला आणि एक म्युनिसिपालटीत रोज जाऊन बसायला. कुंड्या राहू द्या, त्यांना पाणी कोण घालणार यावरून पहिल्याच महिन्यात भांडणं होतील.