खोबरेल लावलेलं दार

प्रश्न : काका, मी ऑगस्टमध्ये नाशिकहून कॅनडात विनिपेगला आले. जुनी गाडी घेतली आहे, ती उघड्यावरच उभी असते. शनिवारी छान ऊन होतं, म्हणून गाडी धुऊन आणली. रविवारी सकाळी उणे 24 आणि चारही दारं घट्ट! जोर लावून ओढलं तर ड्रायव्हरच्या बाजूचं हँडल कडकन तुटून हातात आलं. शेजारीण म्हणाली, दाराच्या रबराला तेल लाव. घरात खोबरेल होतं, ते लावलं. मंगळवारी बर्फमिश्रित पाऊस झाला आणि बुधवारी परत तेच. खिडकीची काचही खाली होत नाही, बटण दाबलं की नुसता घुर्र आवाज येतो. दारावर गरम पाणी ओतू का?

उत्तर : पोरी, पाणी मुळीच ओतू नकोस. मी इथल्या गॅरेजांत 19 वर्षं काम केलं, पण ही चूक त्याआधी, पहिल्याच हिवाळ्यात करून बसलो होतो. समोरच्या काचेवर खडा उडून मुगाच्या दाण्याएवढा टवका पडला होता. त्यावर किटलीतलं पाणी ओतलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि त्या टवक्यातून निघालेली रेघ माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या टोकाला पोचली. काच वाचली तरी ते पाणी दाराच्या फटीत उतरतं आणि तिथेच गोठतं. म्हणजे दार आणखी घट्ट.

तुझं दार रविवारच्या थंडीनं नाही, शनिवारच्या पाण्यानं धरलं. दाराभोवतीचं रबर आणि पत्रा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहिला आणि तो रात्री गोठून गोंदासारखा चिकटला. जानेवारीत आठवडाभर उणे 30 असतं तेव्हा हवा कोरडी असते, दारं सुरळीत उघडतात. त्रास होतो तो शून्याच्या आसपास वर-खाली होतं तेव्हा, बर्फमिश्रित पाऊस झाल्यावर आणि गाडी धुतल्यावर.

अडकलेलं दार ओढायचं नाही, आधी आत दाबायचं. तळवा किंवा कंबर लावून दाराच्या कडेकडेनं भार दे. आतला बर्फ तडकल्याचा करकर आवाज येतो, मग हलक्या हातानं उघड. नाहीच उघडलं तर मागची दारं बघ. चारांतलं एखादं बहुतेक वेळा सुटतं. तिथून आत शिरून गाडी सुरू कर आणि पंधरा-वीस मिनिटं हीटर चालू दे. त्याआधी मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही ना, हे बघच. ते बंद असेल तर विषारी वायू गाडीत साठतो आणि त्याला वास नसतो. ही गोष्ट कितीही घाई असली तरी सोडायची नाही.

घरात एक फवाऱ्याची बाटली करून ठेव : औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग, पाणी एक भाग. फटीवर मारलं की बर्फ सुटतो. बाटली घरातच ठेव, गाडीत नको, आणि शेगडीपासून लांब. ते पेट घेतं.

आता खोबरेल. नाशिकला डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते ना? हे तेल अधिक 24 अंशांच्या आसपासच थिजतं. इथे ते रबरावर मेणासारखं बसलं असणार. पेट्रोलियम जेलीही नको, तिनं रबर फुगू शकतं. एखाद्या ऊबदार तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी ने, साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं सगळं खोबरेल काढ आणि रबर खडखडीत कोरडं कर. बोटानं रबराची कड उलटून बघ. खालच्या कोपऱ्यात चिखल आणि पाणी हमखास साचलेलं असतं, सगळे तेवढीच जागा सोडतात. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी कर. मग सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन रबराला सगळीकडून पातळ पुस. काचेवर आणि सीटवर उडू देऊ नकोस. महिन्या-दीड महिन्यानं परत लाव.

काचेचं बटण मात्र आता दाबू नकोस. काच रबरात गोठलेली असताना मोटर जोर करत राहिली की दाराच्या आतली तार नाहीतर प्लॅस्टिकची क्लिप तुटते. दोन-तीन तास ऊबेत उभी केल्यावर एकदा बटण दाबून बघ. तरीही मोटर मोकळी फिरली आणि काच जागची हलली नाही, तर आत काहीतरी तुटलं आहे.

गाडी धुणं बंद करू नकोस, रस्त्यावरचं मीठ पत्रा खातं. धुतल्यावर दारांच्या कडा आणि डिकी फडक्यानं पुसून घे, प्रत्येक दार दोन-तीनदा उघडझाप कर. आत बसताना बूट बाहेर आपटून बर्फ झटक. तो आत वितळला की काचांना आतून हिम चढतं. त्यासाठी हीटरची हवा बाहेरची घे, आतली फिरवत ठेवू नकोस. बाहेरची हवा कोरडी असते, ती दमटपणा ओढून घेते.

हँडल बदलायला दाराचं आतलं कव्हर काढावं लागतं. त्याच वेळी काचेचं मशीनही बघायला सांग, म्हणजे मजुरी एकदाच पडेल.