पुरात पडलेल्या नदीच्या भिंती, रस्ते आणि मनपा शाळांच्या दुरुस्तीला पैसा कुठून येतो? नागपुरात इतका उशीर का होतो?

पैसा एका खिशातून येत नाही. उशीर होतो तो बहुतेकदा चुकीच्या खिशात हात घातल्यामुळे.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं. अशा वेळी पहिला पैसा मनपाचा स्वतःचा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३) नुसार नैसर्गिक आपत्तीत आयुक्त तातडीची कामं लगेच सुरू करू शकतात, फक्त स्थायी समितीला आणि महापालिकेला कारणं व खर्चासह ताबडतोब कळवावं लागतं. गाळ काढणं, खचलेला रस्ता भरणं इथे बसतं.

दुसरा खिसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा. महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. पण तो फक्त तातडीच्या पुनर्स्थापनेसाठी आहे: भगदाड बुजवणं, वाहून गेलेल्या पुलाला वळणरस्ता देणं, पाणीपुरवठा सुरू करणं. नवीन आरसीसी भिंत त्यातून मिळत नाही.

आणि घोळ होतो तो नेमका इथे. पडलेली भिंत दीड मीटरची, अंदाजपत्रक तीन मीटरच्या आरसीसी भिंतीचं, आणि शीर्षक 'पूरहानी दुरुस्ती'. मंत्रालयातून शेरा मारून फाइल परत. अंदाजपत्रकं सुरुवातीपासून दोन हवीत. तात्पुरत्या कामाचं प्रतिसाद निधीतून. कायमच्या कामाचं सौम्यीकरण निधी (पुढच्या आपत्तीची हानी कमी करण्यासाठीचा), नगरोत्थान ही राज्याची शहर-सुविधा योजना किंवा राज्याच्या विशेष अनुदानातून. दोन्हींत एकच बाब आली तर लेखापरीक्षणात वसुली निघते.

नाग नदी प्रदूषण निवारणाचे १,९२७ कोटी आहेतच की, असं लोक म्हणतात. ते सांडपाण्यासाठी आहेत, भिंतीसाठी नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी पुरासाठी सुचवलेले २,५०० कोटी सात शहरांना होते. त्यात मुंबई-पुणे आहेत, नागपूर नाही.

कायमच्या भिंतीच्या अंदाजपत्रकात पायाशी दगडी पिचिंग (माती धुपू नये म्हणून रचलेले दगड), पाणी निचरायला भोकं आणि त्यांच्यामागे खडीचा थर आहे का, ते बघा. भिंत सहसा वरून पाणी गेल्याने पडत नाही. पायाखालची माती वाहून जाते किंवा मागे साचलेलं पाणी तिला ढकलतं. या बाबी खर्च कमी दाखवायला आधी कापल्या जातात.

शाळांचं तुलनेने सोपं. रंगरंगोटीआधी वायरिंगची मेगर चाचणी (ओलीमुळे वीज गळते का, ते तपासणारी), बुडालेले मीटर बोर्ड नवे, आणि भिंत वाळल्याशिवाय प्लास्टर नाही.

रस्त्याचं मात्र आधी एक तपासा: कंत्राटदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, संपलाय का? संपला नसेल आणि कामच निकृष्ट होतं, तर खर्च त्याचा. त्यासाठी झोन कार्यालयात माहिती अधिकारात त्या रस्त्याचा कार्यादेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. धरमपेठ भागात असाल तर अर्जात नासुप्रचाही (नागपूर सुधार प्रन्यास) उल्लेख करा. काही लेआऊटमधले रस्ते नक्की कोणाच्या ताब्यात आहेत, यावरच महिनोन्महिने पत्रापत्री चालते.