एसबीआयआरच्या (लहान कंपन्यांच्या संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारी योजनेच्या) पैशातून घडलेल्या तंत्रज्ञानाची मालकी अमेरिकी सरकारकडे जाते का?

नाही, नासा किंवा अमेरिकी संरक्षण खात्याच्या एसबीआयआर निधीतून लहान कंपनीने लावलेल्या शोधाचे पेटंट सामान्यतः त्या कंपनीकडेच राहते आणि सरकारला तो शोध स्वतःच्या कामासाठी विनामूल्य वापरण्याचा, पण एकाधिकार नसलेला परवाना मिळतो. पेटंटविषयीची ही तरतूद १९८० च्या बे-डोल कायद्यातून आली आहे. तांत्रिक माहितीला, म्हणजे आराखडे, चाचणीचे निष्कर्ष, सॉफ्टवेअर यांना, वेगळे संरक्षण आहे: स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन या लहान उद्योगांसाठीच्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या २०१९ च्या धोरण-निर्देशानुसार निधी मंजूर झाल्यापासून किमान २० वर्षे सरकार ती माहिती प्रतिस्पर्ध्यांच्या हाती देऊ शकत नाही. (जुन्या करारांत ही मुदत बरीच कमी होती, म्हणून आपल्या करारातील कलम वाचावेच.) मात्र हे संरक्षण आपोआप लागू होत नाही. सुपूर्द करायच्या प्रत्येक आराखड्यावर आणि अहवालावर करारात दिलेला हक्कसूचक मजकूर जसाच्या तसा छापावा लागतो. तो राहून गेला, तर सरकारला त्या माहितीवर अमर्याद हक्क मिळाल्याचे मानले जाऊ शकते. पेटंटाचेही तसेच: शोधाची लेखी माहिती मुदतीत कळवली नाही, तर सरकार मालकी मागू शकते.